जांबवंत कुठे आहे?

मलकापूरहून महामार्गाने खामगावकडे निघालेल्या प्रवाशाला नांदुऱ्याची चाहूल दुरूनच लागते. १०५ फूट उंचीची हनुमंताची मूर्ती रस्त्याकडेला उभी आहे. एसटीच्या खिडकीशी बसलेली मुले माना उंचावून ती पाहतात आणि त्यांतील एखादे हमखास विचारते, "हा मोठा, की स्पायडरमॅन?" सोबतची वडील मंडळी एकतर हसतात, नाहीतर देवाबद्दल असे बोलू नये म्हणून दटावतात. प्रश्न तेथेच मिटतो. गाडी पुढे निघते.

वस्तुतः त्या प्रश्नाचे उत्तर आपल्यापाशी आहे. मात्र ते बाहुबलाच्या मोजमापाचे नाही. रामायणातील किष्किंधाकांडाच्या अखेरीस वानरसेना समुद्रतीरी हताश होऊन बसली आहे. पलीकडे लंका, मध्ये शंभर योजने पाणी. जो तो आपण किती योजने उडी घेऊ शकतो ते सांगतो आहे. अंगद म्हणतो, मी जाईन, पण परत येईन याची शाश्वती नाही. आणि ज्याच्या अंगी ते सामर्थ्य आहे तो हनुमान एका बाजूला गप्प बसला आहे. तेव्हा वृद्ध जांबवंत उठतो. स्वतःचे वय झाले हे तो मान्य करतो आणि हनुमंताला त्याच्या जन्माची व पराक्रमाची आठवण करून देतो. मगच तो महावीर उभा राहतो, वाढू लागतो. सामर्थ्य होतेच, हवा होता तो आठवण करून देणारा.

गेल्या तीन-चार दशकांत दूरचित्रवाणीने आपल्या मुलांपुढे शेकडो महाबली आणून उभे केले. त्यांत परदेशी आले, देशी आले, परदेशी सांगाड्यावर देशी धोतर नेसवलेलेही आले. हनुमंतांची वाण राहिली नाही. जांबवंत मात्र एकही आला नाही. प्रस्तुत लेखाचा सारा रोख या उणिवेवर आहे.

गिरकी उरली, साधना गेली

आपल्याकडील सुपरहिरोंच्या मालिकांचा विचार 'शक्तिमान'ला वगळून करता येत नाही. १९९७ ते २००५ अशी आठ वर्षे दूरदर्शनवर चाललेल्या या मालिकेची मूळ कल्पना निःसंशय भारतीय होती. अमेरिकी महानायकाला बळ मिळते ते परग्रहावरील जन्मामुळे, कोळ्याच्या दंशामुळे किंवा प्रयोगशाळेतील अपघातामुळे. शक्तिमानला ते मिळाले योगसाधनेतून, चक्रांच्या जागृतीतून. बल हे तपाचे फळ आहे हा आपल्या परंपरेचा सिद्धांत तेथे होता. 'महाभारत' मालिकेतील भीष्म म्हणून घरोघरी पोचलेले मुकेश खन्ना ही भूमिका करीत होते आणि मालिकेच्या शेवटी मुलांना सदाचाराच्या चार गोष्टीही सांगत होते. हेतू शुद्ध होता याविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

परंतु मुलांनी त्यातून काय उचलले? एक हात उंचावून गरगर फिरणे. बुलढाणा, चिखली, मेहकर, कोणत्याही गावातील त्या काळचे मूल आठवा; अंगणात गिरक्या घेणारी मुलेच डोळ्यांपुढे येतील. चक्रांच्या साधनेसाठी पहाटे उठणारे मूल कोणाच्या स्मरणात आहे काय? मुले उंचावरून उड्या घेतात, शक्तिमान वाचवील म्हणून जिवाशी खेळतात, अशा बातम्या त्या काळी वृत्तपत्रांतून आल्या. त्यांच्या खरेपणाविषयी पुढे वाद झाले. परंतु 'माझे अनुकरण करू नका' हे सांगण्यासाठी नायकाला स्वतः पडद्यावर यावे लागले, ही गोष्ट निर्विवाद आहे. ज्या आदर्शाला आपले अनुकरण करू नका असे सांगण्याची पाळी येते, तो आदर्श कसला?

हा दोष मुलांचा नाही, आणि निर्मात्यांचाही सर्वस्वी नाही. दोष माध्यमाच्या स्वभावाचा आहे. पडद्याला गिरकी दाखवता येते. बारा वर्षांची साधना दाखवता येत नाही. दाखवलीच तर ती दोन मिनिटांच्या गाण्यात उरकावी लागते. म्हणून कथा पडद्यावर येताना तिचा दिसणारा भाग तेवढा येतो आणि घडवणारा भाग मागे राहतो.

खलनायक जगवण्याचा व्यापार

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. रामायणात रावण मरतो. महाभारतात कौरवकुळाचा अंत होतो, आणि विजय मिळवणाऱ्यांच्या वाट्याला आलेला शोकही व्यासांनी लपवलेला नाही. आपल्या कथांना शेवट आहे, म्हणून त्यांना अर्थ आहे. सुपरहिरोच्या मालिकेला शेवट परवडत नाही. खलनायक मेला तर पुढच्या आठवड्यात काय दाखवायचे? जाहिराती कशाच्या आधारे विकायच्या? त्यामुळे दुष्टाला दर आठवड्याला हरवायचे आणि दर आठवड्याला जिवंत सोडायचे, हा तेथील धर्म ठरतो. तमराज किल्विष आठ वर्षे टिकला तो याच न्यायाने.

अमेरिकेत तर या धंद्याचे शास्त्रच झाले आहे. सुपरमॅनच्या तारुण्यावरील 'स्मॉलव्हिल' ही मालिका २००१ ते २०११ अशी दहा वर्षे चालली. आणि ज्या वेशामुळे तो सुपरमॅन म्हणून ओळखला जातो, त्याची वेळ आली अखेरच्या भागात! एक दशकभर प्रेक्षकांना उंबरठ्यावर बसवून ठेवले. व्यापार म्हणून यास दाद द्यावी लागेल. परंतु असत्याचा निकाल कधीच लागत नाही, तो केवळ पुढच्या भागावर ढकलला जातो, हा संस्कार वर्षानुवर्षे मनावर होत राहिला तर त्यातून अन्यायाशी लढणारा तरुण घडेल, की रोजच्या अन्यायाला मनोरंजन समजून पाहत बसणारा?

देशी वेशाने काय साधले?

यावर आपल्यातील काही जण म्हणतील, 'मग आपल्याच देवतांच्या, आपल्याच वीरांच्या मालिका काढाव्यात.' काढल्या की! २००४ साली अमेरिकी स्पायडरमॅनची भारतीय आवृत्ती चित्रकथेत आली. नायक मुंबईचा, नाव पवित्र प्रभाकर, अंगात धोतर, शक्ती देणारा एक योगी आणि शत्रू म्हणून राक्षस. २०२३ साली तो चित्रपटातही झळकला आणि तो चित्रपट मराठीसह अनेक भारतीय भाषांत ध्वनिमुद्रित झाला. आपल्याला आनंद झाला. पण त्या पात्राचा विचार, त्याची भाषा, त्याचे घर आपले होते, की केवळ वस्त्र?

२००८ पासून 'छोटा भीम' घरोघरी आहे. निर्माते हैदराबादचे, म्हणजे आपलेच. मुले त्यावर प्रेम करतात आणि त्यात वाईट काही नाही. तथापि तेथील भीमाचे बळ लाडवात आहे. लाडू खाल्ला की शत्रू आडवा. आता महाभारतातला भीम पाहा. एकचक्रानगरीत पांडव एका ब्राह्मणाच्या घरी लपून राहत आहेत. शेजारच्या जळगाव जिल्ह्यातील एरंडोल म्हणजेच ती एकचक्रा, अशी आपल्या भागातील लोकश्रद्धा आहे. बकासुराकडे माणूस पाठवण्याची पाळी त्या घरावर येते. बाप म्हणतो मी जातो, आई म्हणते मी जाते, मुलगी म्हणते मी जाते. आणि ज्याला धड बोलताही येत नाही असे त्या घरातील लहानगे मूल गवताची एक काडी उचलून म्हणते, या काडीने मी राक्षसाला मारीन! दुःखाने फुटलेल्या त्या घरात क्षणभर हसू येते. नेमक्या त्याच वेळी कुंती पुढे होते आणि दुसऱ्याच्या मुलाऐवजी आपला मुलगा पाठवण्याचा निर्णय घेते.

ही कथा भीमाच्या मुठीची आहे, की त्या रात्रीची? पडद्यावर प्राधान्य मिळते ते मुठीला. त्या घरातील चर्चा, कुंतीचे धारिष्ट, ती गवताची काडी, हे सारे 'संथ' म्हणून कात्रीत जाते. आणि आपण समजतो की भीम हे नाव पडद्यावर आले म्हणजे संस्कृती वाचली! नाव वाचले, एवढेच म्हणता येईल.

टेबलाभोवतीची कथा

याच महानायकांच्या जगात एक निराळा प्रकार आहे, ज्याची आपल्याकडे फारशी दखल घेतली गेलेली नाही. तो म्हणजे टेबलाभोवती बसून खेळायचा भूमिकांचा खेळ. १९७४ साली अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाने त्याची सुरुवात झाली. काही वर्षांतच सुपरहिरोंवर आधारलेले खेळ आले. १९८१ सालचा 'चॅम्पियन्स' आणि १९८४ सालचा 'मार्व्हल सुपर हीरोज' हे त्यांतील नावाजलेले.

या खेळाला पडदा लागत नाही, वीज लागत नाही. पाच-सहा मुले, कागद-पेन्सिल आणि फासे पुरेत. प्रत्येक मूल एका पात्राची भूमिका घेते. त्या पात्राचे बळ, गुण आणि दोष कागदावर लिहिते. एक जण सूत्रधार होतो. तो प्रसंग उभा करतो आणि विचारतो, 'आता तू काय करशील?' मूल सांगते. काम अवघड असेल तर फासा टाकायचा. त्यावर यश-अपयश ठरते आणि कथा पुढे सरकते. पुढे काय होणार हे सूत्रधारालाही पुरते ठाऊक नसते, कारण मुलांनी काय ठरवावे हे त्याच्या हाती नाही.

दूरचित्रवाणी मुलाला सांगते, 'पाहा, त्याने काय केले!' हा खेळ त्याला विचारतो, 'सांग, तू काय करशील?' ज्याला हा प्रश्न पुनःपुन्हा विचारला जातो ते मूल, आणि ज्याला कधीच विचारला जात नाही ते मूल, या दोघांची जडणघडण सारखी होईल काय?

आणखी एक गंमत पाहा. 'मार्व्हल सुपर हीरोज' या खेळात सत्कृत्यांनी जमा होणाऱ्या आणि दुष्कृत्यांनी खर्ची पडणाऱ्या गुणांना नाव दिले आहे 'कर्म'. नायकाने कोणाचा जीव घेतला तर त्याचे साठवलेले सारे कर्म शून्यावर येते! 'चॅम्पियन्स'मध्ये अधिक सामर्थ्य हवे असेल तर त्याबरोबर एखादे बंधन, एखादा दुबळेपणा पत्करावा लागतो. भीष्मांची प्रतिज्ञा, कर्णाला मिळालेले शाप, दुर्योधनाची मांडी ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यात नवे ते काय वाटावे? आपल्या घरचे शब्द आणि घरच्या कल्पना घेऊन तिकडे खेळ रचले गेले. आपण मात्र त्यांच्या वेशभूषेची नक्कल करण्यात धन्यता मानली.

'हे आपले नव्हे' या आक्षेपाविषयी

पहिला आक्षेप येईल तो परकेपणाचा. या भूमीने जगाला चतुरंग दिला. रणांगण पटावर मांडून विचार करण्याची कल्पना येथली आहे. मोक्षपट तर मराठी परंपरा साक्षात ज्ञानेश्वर माउलींच्या नावाशी जोडते. पुण्याच्या शिडीने वर चढायचे, दुर्गुणाच्या सापाने खाली यायचे, असा तो जीवनाचा पट होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्लंडमध्ये गेला आणि पुढे केवळ 'सापशिडी' होऊन आपल्याकडे परत आला. साप राहिले, शिड्या राहिल्या, मोक्ष गळाला. तो गळाला तेव्हा आपण काय केले? सापशिडीच्या घड्या घालून कपाटात ठेवल्या.

भूमिका घेऊन कथा सांगणे हेही नवे नाही. एकनाथांच्या भारुडात सोंग घेणारा त्या पात्राच्या तोंडून बोलतो. उत्सवाच्या अखेरीस होणारे लळित काय आणि आपल्या वऱ्हाडातील दंडार काय, गावातलीच माणसे देव-दानव होत. फरक एवढाच की तेथे कथेचा शेवट ठरलेला असे. येथे तो खेळणाऱ्याच्या निर्णयावर सोडलेला आहे.

दुसरा आक्षेप फाशांचा. द्यूताने पांडवांचे काय झाले हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु येथे पणाला काहीच लावायचे नसते. फासा असतो तो दैवाच्या जागी. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि पाचवे दैव. या खेळात प्रसंगाची भूमी आहे, पात्र आहे, त्याची साधने आहेत, प्रयत्न आहे आणि फाशाच्या रूपाने दैवही आहे. फासा उलटा पडला तरी कथा थांबत नाही. पुन्हा प्रश्न येतो, 'आता काय करशील?' अपयशानंतरचा हा प्रश्न आपल्या परीक्षापद्धतीत मुलांना कोणी विचारतो का?

आणि आपल्यातील उत्साही मंडळींना एक सावधगिरीची सूचना. १९८०च्या दशकात अमेरिकेतील काही धार्मिक गटांनी या खेळांवर सैतानपूजेचा आरोप ठेवून मोठे काहूर उठवले होते. आरोप निराधार ठरले, हसे झाले आणि खेळ अधिकच वाढले. बंदीची भाषा दुबळ्या संस्कृतीला शोभते. ज्यांच्या घरी महाभारत आहे त्यांनी कथांच्या स्पर्धेला भ्यावे कशाला?

लोणारचा असुर, सिंदखेडराजाची माता

बुलढाणा जिल्ह्यात तर अशा खेळासाठी साहित्य पायाखाली विखुरले आहे. लोणारचे सरोवर उल्कापाताने झाले हे विज्ञान सांगते; सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर काळ्या बसाल्ट खडकात कोरले गेले आहे. लोककथा सांगते की येथे लवणासुर भूगर्भात दडून बसला होता आणि विष्णूने दैत्यसूदन होऊन त्याचा वध केला. दैत्यसूदनाचे कोरीव मंदिर आजही लोणारात उभे आहे. आकाशातून कोसळणारा अग्निगोल आणि जमिनीखाली लपलेला असुर! कोणत्याही अमेरिकी चित्रकथाकाराने हेवा करावा अशी ही सामग्री आहे.

कथेत असेही आहे की असुराचे लपण्याचे ठिकाण विष्णूला कळले ते त्याच्या बहिणींकडून. आता सूत्रधाराने पाचवीतल्या मुलांपुढे हा प्रसंग मांडावा. एक मूल वैद्य आहे, एकाला पशुपक्ष्यांची भाषा कळते, एक बलवान आहे, आणि एक मुलगी त्या असुराची बहीण आहे. सूत्रधार तिला विचारतो, 'भाऊ तुझ्यावर माया करतो. गाव त्याच्या भयाने उजाड होतो आहे. तू सांगशील?' त्या क्षणी त्या मुलीला बिभीषण आणि कुंभकर्ण हे दोघेही कळतील. रावण चुकतो आहे हे दोघांनाही ठाऊक होते. एकाने त्याची बाजू सोडली, दुसऱ्याने त्याच्यासाठी प्राण दिले. शंभर भागांची मालिका पाहून हे कळेल याची शाश्वती मी देणार नाही.

लोणारपासून सिंदखेडराजा फार दूर नाही. १२ जानेवारी १५९८ रोजी तेथे लखुजीराव जाधवांच्या वाड्यात जिजाऊंचा जन्म झाला. दरवर्षी जयंतीला लाखोंचा समुदाय तेथे लोटतो. जिजाऊंवर मालिकाही झाल्या आणि त्या श्रद्धेने पाहिल्या गेल्या. पण आजकाल आपल्या महापुरुषांना 'आमचे सुपरहिरो' म्हणण्याची जी चाल पडली आहे, तिला स्पष्ट विरोध केला पाहिजे. ज्याचे बळ आकाशातून आले त्याचे कर्तृत्व ते कोणते? १६२९ साली देवगिरीवर निजामशहाच्या दरबारात लखुजीराव आपल्या पुत्रांसह मारले गेले. काही महिन्यांनी, १९ फेब्रुवारी १६३० रोजी, शिवनेरीवर शिवराय जन्मले. माहेर असे उद्ध्वस्त झालेल्या त्या मातेने मुलाला राम-कृष्णांच्या, पांडवांच्या कथा सांगितल्या. तिने अंगावर झूल चढवलेली नव्हती, तिला उडता येत नव्हते. तिच्यापाशी कथा होती, आणि ती कथा ऐकणाऱ्याला उभे करण्यासाठी सांगायची असते याची जाण होती. जांबवंताचे काम याहून वेगळे काय असते?

आकाशाकडे पाहणे

हा केवळ करमणुकीचा प्रश्न नाही. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी मदत योजना जाहीर केली, त्यांत बुलढाण्याचे नाव होते. येथील शेतकरी मृग लागला की आकाशाकडे पाहतो. आकाशाकडे पाहणे ही या भूमीची हौस नव्हे, सक्ती आहे. अशा घरातील मुलाला तारणारा वरून उडत येतो असे रोज संध्याकाळी दाखवत राहणे ही त्याची थट्टा आहे. खेळाने कर्ज फिटत नाही, बोंडअळी मरत नाही, हे सांगायला कोणी पंडित नको. परंतु संकटात चार जणांनी एकत्र बसून 'आता काय करायचे' हे ठरवण्याची सवय जर दहाव्या वर्षी लागली, तर चाळिसाव्या वर्षी तो माणूस एकटा पडण्याची शक्यता कमी होते, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

मार्ग कठीण नाही. शाळांतून 'आनंददायी शनिवार' सुरू झाले आहेत. सुट्टीतील संस्कारवर्ग आहेत. गावोगावी वाचनालये आहेत. मुलांना प्रसंग रंगवून सांगेल असा एक शिक्षक, एखादी ताई, एखादे निवृत्त गुरुजी पुढे आले तरी आरंभ होतो. महागडी परदेशी पुस्तके नकोत. बकासुराची रात्र, लोणारचा असुर, समुद्रतीरावरची सेना, यांतला कोणताही प्रसंग घ्यावा, मुलांना भूमिका द्याव्यात आणि मग उत्तर सांगण्याचा मोह आवरावा. आपल्याला हेच सर्वांत जड जाईल. आपण उपदेश करण्यात पटाईत आहोत. प्रश्न विचारून थांबण्याची सवय आपल्याला नाही. मुलाने चुकीचा निर्णय घेतला तर त्याचे परिणाम त्याला कथेतच भोगू द्यावेत. प्रत्यक्ष जीवनात भोगण्यापेक्षा ते शतपटींनी बरे.

पूर्वी आजी गोष्ट सांगता सांगता थांबली की नातवंडे विचारीत, "मंग काय झालं व आजी?" आणि एखादी चतुर आजी उलट विचारी, "तूच सांग, काय झालं असंन?" तो उलटा प्रश्न आपल्या घरांतून नाहीसा झाला, आणि त्याच्या जागी आपण एक चौकोनी पडदा आणून बसवला, जो उत्तरे देतो पण काहीही विचारत नाही.

पुढच्या वेळी नांदुऱ्यावरून जाताना खिडकीतल्या मुलाने तो प्रश्न विचारला तर त्याला दटावू नका. त्याला सांगा की हनुमान मोठा खराच, पण एकदा तो स्वतःचे बळ विसरून गप्प बसला होता, आणि एका म्हाताऱ्याने त्याला हाक मारली. मग त्याला विचारा, 'तू तिथे असतास तर काय केले असतेस?' आणि खामगाव येईपर्यंत त्याचे उत्तर ऐका.